यादीत मयत झालेला फौजी

मतदार यादीच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळं शहर यादीबाई म्हणायचं. त्यांच्या निरोपसमारंभाच्या फलकावर रंगाऱ्यानंसुद्धा तेच नाव लिहिलं होतं, आणि चूक झाली असं कोणालाच वाटलं नाही, खुद्द बाईंनाही नाही.

निवृत्तीला सहा वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ सैन्यातून आलेला, म्हणून सगळ्यांचा फौजी. सरहद्दीवरच्या लढाईत त्याच्या डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. जिना उतरताना तो एकेका पायरीला एकेक शिवी हासडायचा आणि खाली पोचला की साळसूद चेहरा करायचा.

निवडणुकीला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी रेडिओवर बातमी आली. परदेशातल्या कोणीतरी मतदार यादीच्या संगणकात घुसून नावं उलटीपालटी केली होती, आणि त्यामागे तिथलं सरकारच आहे असा संशय होता. लगेच दोन तज्ज्ञ भांडायला बसले. एक म्हणाला, हा देशावरचा हल्ला आहे, याला युद्धच म्हणायला हवं. दुसरा म्हणाला, गोळी सुटली नाही, भिंत पडली नाही, मग युद्ध कसलं?

"युद्ध म्हणजे यांना पत्त्यांचा डाव वाटतो," फौजी म्हणाला आणि त्यानं रेडिओ बंद केला.

तेवढ्यात दार वाजलं. दारात कचेरीची नवी अधिकारी उभी. तीस-बत्तीसची मुलगी, एरवी नीटनेटकी. आज केस विस्कटलेले आणि काखेत कागदांचा भारा.

"बाई, अकरा हजार नावं गेली," ती उंबऱ्यातच म्हणाली. "चार हजार भलत्याच वॉर्डात जाऊन पडलीत. अठराशे जिवंत माणसं मयत दाखवलीत. संगणकातल्या जुन्या प्रतीही बिघडवल्यात, कुठली खरी तेच कळत नाही." मग ती घुटमळली. "मयतांमध्ये तुमचे भाऊही आहेत."

फौजीनं चहाचा कप खाली ठेवला. "मी? कधी गेलो?"

"गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला."

"चौदाला मी दाढ काढून घेतली होती," फौजी म्हणाला. "तसं वाटलं होतं खरं."

अधिकारी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बाईंना मात्र हसू आलं नाही.

"जुन्या नोंदवह्या असत्या ना, तर त्यांच्यावरून नावं जुळवता आली असती," अधिकारी म्हणाली. "पण त्या रद्दीत गेल्या. हुकूम आहे फायलीत, तुमच्याच सहीचा."

"हुकुमावर सही माझीच आहे," बाई म्हणाल्या. "पण वह्या रद्दीत गेल्या नाहीत."

कचेरीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखाली एक खोली होती. बाईंनी तिथे मोडक्या खुर्च्यांच्या आड बासष्ट नोंदवह्या रचून ठेवल्या होत्या आणि इतकी वर्षं तोंडातून ब्र काढला नव्हता. त्याच दुपारी खुर्च्या बाजूला सारल्या. वरची वही उघडताच खळीचा आणि जुन्या कापडाचा वास आला, आणि बाई एकदम चोवीस वर्षांच्या झाल्या.

तेव्हा कचेरीत सहा टेबलं होती आणि एकच पंखा. तो ज्याच्या डोक्यावर, त्याचे कागद उडायचे. म्हणून पंख्याखाली नेहमी नव्या माणसाला बसवायचे. पहिलं वर्षभर बाई दोन्ही कोपरांनी कागद दाबून लिहीत होत्या. मोठे साहेब अबोल, कडक, पण अक्षर असं की बघत राहावं. त्यांचा एक नियम होता: घरी जाऊन आल्याशिवाय कोणाच्या नावावर लाल रेघ मारायची नाही. माणूस गेल्याचा कागद आला, तरी एकानं त्या घरी जायचं, दोन मिनिटं बसायचं, मग परत येऊन रेघ. बाई अशा किती घरांत बसल्या होत्या! कुठे रडणं, कुठे नुसतं घड्याळ, आणि एका घरी तर मेलेल्या माणसानं स्वतःच दार उघडलं होतं. आणि आता हजारो कोस दूर बसून कोणीतरी अठराशे माणसांवर रेघ ओढली होती.

वह्या बारा वर्षांपूर्वीपर्यंतच्याच होत्या. पुढचं सगळं संगणकात. मधली बारा वर्षं कुठून आणायची?

"वाचन लावू," बाई म्हणाल्या.

अधिकारीला वाचन माहीत नव्हतं. पूर्वी दरवर्षी शहरातल्या वाचनालयाच्या सभागृहात अख्खी यादी मोठ्यानं वाचली जायची. लोक यायचे, ऐकायचे, ओरडून चुका सांगायचे. हा गेला, ती लग्न होऊन गेली, हा कर्जबुडव्या पळाला पण परत येईल, नाव राहू दे. संगणक आल्यावर ते बंद पडलं.

यावेळी वाचन नऊ दिवस चाललं. सकाळी आठला सुरू, दिवेलागणीला बंद. बाई वही वाचायच्या, अधिकारी लिहून घ्यायची. पहिल्या दिवशी चाळीस माणसं आली, तिसऱ्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. प्रत्येक नव्या नावाला, प्रत्येक बदलाला कागद लागायचा, नसेल तर दोन शेजाऱ्यांची सही. लोक इतक्या वर्षांनी एकमेकांना बघत होते. "अजून आहेस का तू?" असं एका म्हातारीनं दुसरीला विचारलं आणि दोघी गळ्यात गळा घालून मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पुढचं वाचन त्यांनी काही ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी बाईंनी एक नाव वाचलं आणि एक घड्याळजी उभा राहिला. ते नाव त्याच्या बायकोचं होतं. जाऊन आठ वर्षं झाली होती.

"कमी करते," बाई हळूच म्हणाल्या.

"करा," तो म्हणाला. "पण एकदा पुन्हा वाचाल? मोठ्यानं असं तिचं नाव फार दिवसांत कोणी घेतलं नाही."

बाईंनी वाचलं. तो ऐकून खाली बसला.

फौजीही रोज यायचा, पुढच्या खुर्चीवर पाय लांब करून बसायचा आणि ओळखीचं कोणी भेटलं की हस्तांदोलन करून म्हणायचा, "माझ्या मयतीला आला नाहीस तू."

आठव्या दिवशी राजधानीतून कायदा खात्याचा वकील आला. शांत, थकलेला माणूस. बाईंची जबानी घ्यायची होती. जेवणाच्या सुट्टीत तो, बाई आणि फौजी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसले. वकिलाच्या छापील कागदावर दोन रकाने होते: जखमी आणि मृत माणसं, पडलेल्या इमारती.

"दोन्हीकडे शून्य लिहावं लागेल," वकील म्हणाला. "म्हणूनच पंचाईत आहे. कायद्याच्या भाषेत ही आगळीक आहे, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं आहे. युद्ध म्हणायला सहसा बळाचा वापर लागतो. पण काही जाणकार म्हणतात, देशाला आपलं सरकार निवडताच येऊ नये असं केलं, तर त्यात आणि तोफा डागण्यात फरक काय राहिला? सरकारातही दोन तट आहेत. तुमच्यासारख्यांच्या जबानीला वजन असणार."

"मग लिहा, युद्ध," बाई ताडकन म्हणाल्या. "चौतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलेली यादी. माझ्या सख्ख्या भावाला मेलेला ठरवलं. आणखी काय व्हायला हवं?"

"ताई, तो शब्द नको," फौजी म्हणाला.

"तू बोलतोस हे? तुझंच नाव काढलं त्यांनी!"

"म्हणूनच बोलतोय." त्यानं दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरला. "लढाईत माझ्या शेजारी एक सुतार होता. सुट्टीवर गेला की घरोघरच्या खिडक्या दुरुस्त करायचा. तो माझ्यासमोर गेला, ताई. त्याचं नाव कितीही वेळा वाचलं तरी तो सभागृहात उभा राहून हात वर करणार नाही. मी केला ना? परवा, तू माझं नाव वाचलंस तेव्हा, सगळ्यांसमोर. माझं मरण खोडता येतं. तू तो शब्द लिहिलास की खोडता न येणारी मरणं सुरू होतील."

"म्हणजे त्यांनी केलं ते सोडून द्यायचं?"

"सोडून द्या कोण म्हणतंय? गुन्हा म्हणा, दरोडा म्हणा, त्यांच्या वकिलातीला टाळं लावा. पण माझ्या नावावर कोणाची पोरं तिकडे पाठवू नका."

बाई उठून खिडकीशी गेल्या. भावाचा राग आला होता. तो बरोबर बोलतोय म्हणून आणखीच आला होता. मग त्या टेबलाशी परत आल्या, वकिलाचा छापील कागद बाजूला सारला आणि कोऱ्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहायला बसल्या. किती नावं गेली, किती हलवली, किती जिवंत माणसांना मारलं, सगळं आकड्यांसकट. शेवटी एक ओळ: "याला काय म्हणायचं ते माझ्यापेक्षा शहाण्यांनी ठरवावं, मात्र ठरवण्याआधी माझ्या भावाला विचारावं."

वकिलानं ते दोनदा वाचलं. "असली जबानी मी आजवर घेतली नाही," तो म्हणाला आणि कागद जपून घडी घालून ठेवला.

निवडणूक ठरल्या दिवशी झाली. तरी तीनशेच्या वर माणसं यादीत सापडली नाहीत आणि मत न देता परत गेली. बाईंना ते फार लागलं. फौजीनं मात्र सकाळी सातलाच रांगेत पहिला नंबर लावला होता. सरकारनं पुढे त्या देशाचा राजदूत परत पाठवला, व्यापाराचे काही करार मोडले, पण युद्ध हा शब्द अधिकृतपणे कधी वापरला नाही. ते बरोबर केलं की भित्रेपणा केला, यावर रेडिओवरचे तज्ज्ञ अजून भांडतात.

आता दर मंगळवारी यादीबाई कचेरीत जातात. संगणकाबरोबर शाईची वहीही ठेवायची असं अधिकारीनं वरून मंजूर करून आणलंय, आणि त्रेसष्टावी वही ती स्वतः लिहिते. तिचं अक्षर भयंकर आहे. बाई शेजारी बसून चष्मा सावरत म्हणतात, "ही वेलांटी आहे की गांडूळ?" ती खोडते, पुन्हा लिहिते आणि विचारते, "साहेबांच्या वेळी तुमचं कसं होतं?"

"याहून वाईट," बाई म्हणतात, आणि पुढचं नाव सांगतात.