श्रीकांतरावांच्या खिडकीतलं पोस्टर

लंडनमधल्या वेम्बलीच्या एका वॉर्डात कौन्सिलरच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, जागेसाठी पोटनिवडणूक लागली आणि पक्षाच्या तिकिटासाठी दोन मराठी बायका समोरासमोर उभ्या राहिल्या. एक सुप्रभाताई, आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दुसरी कल्याणी, इथेच जन्मलेली वकील. लहानपणी रविवारच्या मराठी वर्गात तिने बाराखडी गिरवली ती ताईंच्याच हाताखाली. सभासदांच्या बैठकीत मतं पडली आणि तिकीट कल्याणीला मिळालं.

मग काय, जो तो बाह्या सरसावून बसला. कल्याणीने ऐन वेळी नवे सभासद भरले, असं ताईंची माणसं म्हणू लागली. म्हातारपणी खुर्चीची हौस कशाला, असं पलीकडची. सगळ्यांत जास्त रुसले ते ताईंच्या बाजूचे श्रीकांतराव. त्यांचा शब्द त्यांच्या रस्त्यावरच्या सगळ्या मराठी घरांत चालायचा, आणि त्यांनी सांगून टाकलं होतं की मतदानाला कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मागच्या वेळी पक्षाने ही जागा जेमतेम राखली होती. एवढी घरं बसून राहिली, तर ती हातची गेलीच म्हणायची.

हार ताईंनाही लागली होती. काही दिवस त्यांनी फोन उचलला नाही. मग एका सकाळी कोटावर पक्षाचा फितीचा बिल्ला लावून त्या कल्याणीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी श्रीकांतरावांकडे जाऊ.

वाटेत कल्याणी विनवू लागली. "बाई, तुम्हीच बोला ना. माझं मराठी ऐकून ते हसतात."

"मत तुला मागायचंय. तूच बोल."

श्रीकांतरावांनी दार उघडलं. कल्याणीकडे न बघता ते म्हणाले, "ताई, एकट्या आला असतात तर चहा टाकला असता."

कल्याणी बोलू लागली आणि दुसऱ्याच वाक्याला अडली. नेमका शब्द ताईंच्या ओठांवर आला. पण मूल फळ्यापाशी अडलं की उत्तर सांगायचं नाही, वाट बघायची, हा त्यांचा वर्गातला नेम. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

"काका, तुम्ही माझ्यावर रागावले आहात. रागवा. पण तुमचा ज्येष्ठांचा मंगळवारचा लंच क्लब कौन्सिलला बंद करायची आहे. मी नाही करू देणार. तुम्ही मत नाही दिला तरी."

"मत नाही तर निवडून कशी येशील? आणि क्लब वाचवशील कसा?"

"मग बाहेर उभी राहून भांडीन. बाईसुद्धा येतील. त्यांना विचारलं नाहीये अजून."

श्रीकांतरावांना हसू आवरेना. मग ते ताईंकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

"मी हरले, श्रीकांतराव. मोजणी माझ्यासमोर झाली, त्यात खोट नव्हती. माझ्यापायी तुम्ही घरी बसलात आणि जागा गेली, तर त्यात माझा कसला मान?"

श्रीकांतराव दारालगतच्या खिडकीकडे बघू लागले. मग कल्याणीच्या हातातलं प्रचाराचं पोस्टर ओढून घेत पुटपुटले, "चिकटपट्टी आणलीय की तीही मीच शोधू?"

मतदानाच्या दिवशी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन केंद्रावर हजर झाले. निकालाला कल्याणीचं नाव पुकारलं, तेव्हा शेजारच्या बाईने ताईंना विचारलं, तुमची विद्यार्थिनी ना ही?

"होती," मान ताठ करून ताई म्हणाल्या. "आता आमची कौन्सिलर."