कावळ्याची खारी

ओकारीत बोट घालून बघायला श्रुतिका दोन वर्षांत शिकली होती. शी धुताना रंग बघा, पाण्यावर तरंगते का, भांड्याला चिकटते का ते बघा, वास कसा येतो ते लक्षात ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. वास लक्षात ठेवायची तर गरजच पडली नाही. नासलेलं दूध आणि खवट तेल एका भांड्यात उकळत ठेवावं तसा तो वास न्हाणीघरातून पॅसेजमध्ये यायचा, टॉवेलांत मुरायचा आणि ऑफिसात डबा उघडला की पुन्हा नाकाशी यायचा.

तिच्या लेकीला, स्वरदाला, गहू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नाही, आतड्यांना खपत नव्हता. कणकेची चिमूट पोटात गेली तरी आतून सूज यायची, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. सहाव्या वर्षी पोरीचं पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे झाले होते. निदान झालं, तेव्हा श्रुतिकाची आई आणि वडील, अण्णा, भांडुपची खोली बंद करून मुलुंडला तिच्याकडे राहायला आले. आईनं पहिल्याच दिवशी घरातला गहू बाहेर काढला. रवा, मैदा, शेवया सगळं गेलं. बाजारच्या हिंगात मैदा असतो हे कळल्यावर हिंगाची डबीही गेली. पोळपाट नवा आला. गिरणीत ती सकाळी गिरणी उघडायच्या आधी जाऊन उभी राहायची, कोणाचा गहू पडायच्या आत आपले तांदूळ दळून घ्यायला. "आधी माझा दळ रे बाबा, मगे गावाचा दळ," असं गिरणीवाल्याला सांगायची. वर्षभरात स्वरदाच्या गालांवर मांस आलं. शी बांधीव व्हायला लागली. असल्या गोष्टीनं माणूस सुखी होतं, हे श्रुतिकाला कोणाला सांगता आलं नसतं.

मग आई गेली. पावसाळ्यात ताप आला, न्यूमोनिया झाला, आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं.

आणि आता, दिवाळीच्या सुट्टीत, वास परत आला होता.

आधी श्रुतिकाला वाटलं, आपलंच कुठे चुकतंय. तिनं डबे पुन्हा धुतले. गिरणी बदलली. नणंदेला, वसुधाला, फोन करून विचारलं, भाऊबीजेला स्वरदाला काय भरवलंत? वसुधा भडकली. "नाचणीचे लाडू केले होते गं, खास हिच्यासाठी! गहू म्हणजे काय विष वाटतं का तुला?" "तिच्यासाठी विषच आहे," श्रुतिका म्हणाली. त्यानंतर त्यांचं बोलणं बंद होतं. नवऱ्याचं, प्रीतमचं म्हणणं वेगळंच. मरोळच्या कारखान्यातून दमून आला की बुटाची नाडी सोडता सोडता म्हणायचा, "आजीची आठवण येते तिला. मनाचा परिणाम पोटावर होतो ना यार." आठवण श्रुतिकालाही येत होती. म्हणून काही तिची शी तरंगत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, वजन घेतलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "कुठून तरी गहू जातोय. रोज जातोय. शोधा."

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला स्वरदा सोफ्यावरून उठून न्हाणीघराकडे धावली, पण दारातच भडाभडा ओकली. आंबूस, कोमट थारोळं पॅसेजभर पसरलं. श्रुतिकानं तिचं कपाळ धरलं, तोंड धुतलं, कुशीवर निजवलं. मग पदर नाकाला लावून थारोळ्यापाशी उकिडवी बसली आणि झाडूची काडी घेऊन ढवळू लागली. भाताची शितं. दुधाच्या गाठी. आणि काहीतरी पांढरट, पापुद्रा पापुद्रा सुटलेलं, ओल्या कागदासारखं. त्यात एक जिऱ्याचा दाणा.

तिनं काडी खाली ठेवली आणि तो पापुद्रा दोन बोटांत घेऊन नाकाशी नेला. ओकारीच्या वासाखालून वनस्पती तुपाचा वास आला.

खारी. जिरा खारी.

आईला खारी आवडायची. भांडुपला असताना रोज सकाळी बशीत चहा ओतून त्यात खारी बुडवायची. श्रुतिकाला लहानपणापासून त्याची किळस. चहावर तरंगणारं तूप, तळाशी बसलेला लगदा, आणि तो लगदा बोटानं निपटून खाणारी आई. इथं आल्यापासून आईनं खारी सोडली होती. चुरा उडतो म्हणायची, पोरीच्या ताटात पडला तर?

आणि म्हणूनच दहाव्याला तो प्रकार झाला होता. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. मुलीची काळजी करू नको, नातीचं सांभाळू, असं सगळं बोलून झालं. शेवटी अण्णा उठले, नाक्यावरच्या बेकरीतून खारी घेऊन आले आणि पिंडाशेजारी ठेवली. कावळा लगेच आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अण्णा मात्र तेव्हापासून गप्प गप्प असायचे. बायकोनं दोन वर्षं खारीसाठी जीव मारला, हे त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

हात साबणानं दोनदा धुऊन श्रुतिका मागच्या खोलीत गेली. अण्णा खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. रोज सकाळी आईच्या नावानं ते खिडकीत बशी ठेवायचे, हे तिला माहीत होतं. बशीत चहा असतो आणि कालच्या भाकरीचा तुकडा, असं तिनं धरलं होतं.

"अण्णा, स्वरदाला खारी देता तुम्ही?"

"मी?" त्यांनी मान वर केली. "माझ्या हातान तिका वीख घालीन काय गो मी?"

"तिच्या ओकारीत निघाली. मी माझ्या हातानं काढली."

अण्णांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "मी खारी आणतंय," ते म्हणाले. "रोज एक. फिरून येताना. पण ती घरात नाय ठेवणंय. कागदातून सरळ खिडकीत. तुझ्या आवशीक. कावळो खाता आणि मगे मी बशी धुतंय."

"कावळा? या खिडकीत?"

खिडकीला बाहेरून कबुतरांची जाळी होती. कबुतरांच्या विष्ठेनं सज्जा राखाडी व्हायला लागला तेव्हा तिनंच ती बसवून घेतली होती. जाळीतून चिमणीचं डोकंही आत आलं नसतं.

"कोपऱ्यात भोक आसा. स्वरदान दाखवल्यान माका."

तिनं खिडकीशी जाऊन पाहिलं. भोक नव्हतं.

"तुम्ही बघितलात कधी कावळा?"

"बघूचा नसता गो," अण्णा जरा रागानंच म्हणाले. "माणूस बघीत ऱ्हवला तर तो शिवणा नाय. पाठ करूची लागता."

स्वरदा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. श्रुतिका तिच्या शेजारी बसली. ओठांच्या कोपऱ्यात फोड आले होते आणि केसांना अजून आंबूस वास होता.

"कावळ्याची खारी तू खातेस?"

स्वरदा भिंतीलाच उद्देशून म्हणाली, "कावळा येतच नाही. जाळी आहे ना."

"मग ठेवू दे की तशीच."

"तशीच ठेवली तर अण्णा चहा पीत नाहीत. गोळी पण घेत नाहीत, ती प्रेशरची. म्हणतात, आजी उपाशी आहे, मी कसा खाऊ? एकदा दुपारपर्यंत बसले होते. तू ऑफिसात होतीस."

"टाकून द्यायचीस."

"टाकली ना! जाळीला खाली बारीक फट आहे, तिथून बोटानं दाबून ढकलली. तर खालच्या श्वेताकाकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर पडली. त्या काय ओरडल्या! मग डस्टबिनमध्ये टाकली, तर अण्णांना दिसली. ते रडले, आई. तोंडावर टॉवेल घेऊन." ती वळली. डोळे खोल गेलेले. "मग मी काय करणार? पोटात टाकली की कोणालाच दिसत नाही."

श्रुतिकाच्या डोळ्यांपुढे आलं. चहात भिजून लिबलिबीत झालेली, खिडकीच्या धुळीत पडलेली ती खारी, आणि ती घाईघाईनं तोंडात कोंबणारी ही पोर.

"आणि मस्त पण लागते," स्वरदा हळूच म्हणाली. "सॉरी."

श्रुतिकानं अण्णांना सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढू दिला नाही. त्यांनी ऐकून घेतलं, उठून बशी घासली, पुसली, पुन्हा घासली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन दाराशी उभे होते. "मी खाली जातंय," म्हणाले. "कंपाउंडच्या भिंतीवर ठेवतंय. घरात काय नाय." शर्टाच्या खिशात गोळीची पट्टी होती. श्रुतिका चपला घालून त्यांच्या मागून गेली.

इमारतीच्या मागं ओल्या कचऱ्याचे हिरवे डबे होते. कावळे तिथं होते, डझनभर. अण्णांनी वाटेत बेकरीतून घेतलेली खारी भिंतीवर कागदावर ठेवली आणि पाठ केली. श्रुतिकानंही पाठ केली, पण मान वळत होती. कावळे एका डब्यावर तुटून पडले होते. एकानं कोंबडीचं आतडं ओढून काढलं, लांब, निळसर. दुसरा भरलेल्या लंगोटाचा कापूस उपसत होता. खारीकडे एकानंही पाहिलं नाही. डब्यातून काळं पाणी गळून भिंतीच्या कडेनं वाहत तिच्या चपलेपर्यंत आलं.

ऊन चढलं. अण्णांनी वळून न बघता विचारलं.

"इलो?"

"नाही."

"आता?"

"नाही, अण्णा."

त्यांचे ओठ कोरडे पडले होते. हे उद्याही इथं येतील, परवाही, आणि वरच्या खिडकीतून ती पोर यांना बघत राहील. गोळी न घेता उन्हात उभा असलेला म्हातारा बघून तिला काय सुचेल, हे श्रुतिकाला कालच कळलं होतं.

ती भिंतीपाशी गेली. खारी उचलली. अण्णांच्या हातातल्या पेल्यात बुडवली. चहा निवला होता, वर तुपाचे डोळे आले. अर्धी खारी मोडून पेल्यात पडली, उरलेली तिनं तोंडात घातली. पापुद्रे टाळूला चिकटले. तूप जिभेवर मेणासारखं बसलं. कचऱ्याचा वास, कोंबडीचा वास आणि हा लगदा, सगळं एकदमच घशाशी आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिनं तोंड मिटून ठेवलं आणि गिळलं. मग पेल्याच्या तळाचा चिखल बोटानं निपटून खाल्ला. आई निपटायची तसाच.

अण्णा बघत होते. या वेळी त्यांनी पाठ केली नव्हती.

"तुका कधीच आवडली नाय खारी," ते म्हणाले.

"नाही."

"मगे कित्याक खाल्लंस?"

तोंड उघडलं असतं तर बाहेर आलं असतं. अण्णांनी पट्टीतून गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि पेल्यातला उरलेला घोट प्यायले.

फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "तुझी आवस नाचणीची भाकरी खाय ना गो? स्वरदाबरोबर?"

"रोज. दोन वर्षं. मासे असले की तीन खायची."

"खाय खरी." थोडं चालून, "उद्या भाकरीच ठेवूया. वर, खिडकीत. कोण खायत तो खायत."

दारात स्वरदा उभी होती. अजून पांढरीफटक, पण पायांवर. श्रुतिका वाकली तशी तिनं नाक जवळ आणलं, हुंगलं आणि लगेच मागं सरकली. आजीनं शिकवलेला नियम होता तो, बाहेरून खाऊन येणाऱ्या प्रत्येकासाठी.

"आधी चूळ भर," ती म्हणाली. "हात पण धू. मग मला हात लाव."

श्रुतिका बेसिनशी गेली आणि चूळ भरली. पांढरट पापुद्रे भांड्याच्या कडेला चिकटले. ते बोटानं सोडवून तिनं नळाखाली ढकलले आणि पुन्हा चूळ भरली.