तेन्तआमोन

पूर ओसरला होता. नाईलकाठी काळा, ओला, सुगंधी चिखल उघडा पडला होता आणि थीब्ज नगरीच्या पश्चिमेचे ताम्रवर्ण कडे सकाळच्या उन्हात तापू लागले होते.

त्या कड्यांच्या पोटात, एका लहानशा थडग्यात, हेनुतची लेक निजली होती. भिंतीवर तिची आकृती: कमलधारिणी, कृष्णनयना, अर्धस्मिता. माथ्यावर नाव: तेन्तआमोन. म्हणजे आमोनची. आमोन देवाची.

त्या वर्षी राजाने एकच देव राखला, आकाशातलं सूर्यबिंब. बाकीचे बुडवले. आमोनचं नाव दिसेल तिथे खरडून काढा, अशी आज्ञा सुटली. देवळांतून खरडा, दारांवरून खरडा, मेलेल्यांच्या उशाचंही खरडा. आणि ज्याचं नाव पुसलं तो परलोकातूनही पुसला, हे त्या देशात लहान पोरंही जाणत.

छिन्नी घेऊन आला तो हेनुतचा धाकटा भाऊ, पाशेदू. भाचीचं ते नाव त्यानेच कोरलं होतं, रडत रडत.

"ताई, मी नाही म्हटलं तर दुसरा येईल. तो नुसतं नाव नाही बघणार, पोरीचं तोंडही फोडील."

"मग तूच कर," हेनुत म्हणाली. "मामाच्या हातचं तरी असू दे."

घाव पडला. शुभ्र धूळ उडाली. हेनुतच्या केसांवर बसली, पापण्यांवर बसली, ओठांवर बसली. देव गेला. भिंतीवर उरलं ते अर्धं नाव: तेन्त. अमक्याची. कुणाची? कुणाचीच नाही.

मग राजा मेला. देव परतले. पिकल्या केसांचा पाशेदू पुन्हा बहिणीच्या दारात उभा राहिला.

"ताई, नाव परत कोरायची आज्ञा झालीय. पहिल्यासारखं करून देतो."

हेनुतने त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"देवाला देऊळ मिळालं. नव्या राजाला पुण्य मिळालं. तुला काम मिळालं. आता माझ्या पोरीला हात लावू नकोस. तिला आता कुणाचीच करू नकोस रे."

त्याच दुपारी आमोनची मूर्ती घेऊन त्याची सुवर्णनौका मिरवत आली. ढोल घुमले, झांजा झणाणल्या, नीलकमळांचा सडा पडला. सारा घाट धुळीत लवला. हेनुत तेवढी ताठ उभी राहिली, कोरड्या डोळ्यांनी, मिटल्या ओठांनी. आणि देव तिच्यासमोरून गेला, सोन्याने झळाळत, पडद्याआड, न बघता.