अरुंधतीचे मामा

दत्तोपंत ते माइकवर म्हणाले, कचेरीच्या गणपतीत. "मार्तंडराव गायला बसले की इतवारीतली गाढवंसुद्धा लाजतात." जुन्या मित्राची चेष्टा, त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. सगळे हसले. पहिल्या रांगेत मार्तंडची बायको तारा पदर तोंडाला लावून हसली. त्यानंतर मार्तंड कधी गायला नाही. काहून बंद केलं, असं कुणी विचारलंही नाही. तेच त्याला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक निघाली तेव्हा, तो दत्तोपंतांना इतवारीत मेव्हण्याच्या बंद दुकानात घेऊन गेला. तळघरात जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत, म्हणाला. तबकड्यांचं नाव काढलं की दत्तोपंत कुठंही जात. दमा असूनही ते पायऱ्या उतरले आणि पेटीवर वाकले. मार्तंड हळूच वर आला, दार ओढलं, बाहेरून कडी घातली. थोडा वेळ घाबरू दे, जीव थोडाच घ्यायचा आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

रस्त्यावरून काळी मारबत, गावाची पीडा बाहेर नेऊन जाळायची ती अवाढव्य बाहुली, चालली होती. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" ढोलताशांत आतली हाक कुणाला ऐकू गेली नसती. मार्तंड मात्र दाराला कान लावून उभा होता. त्याला विनवण्या ऐकायच्या होत्या.

आधी खोकला आला. मग पायऱ्यांवरून दत्तोपंतांचा आवाज.

"मार्तंडा, दार अडकलं वाटते. तू धक्के मारू नको गा, तुझा खांदा दुखून राहिला ना. कोणाले तरी बोलाव. मी बसतो इथं."

मार्तंडनं दाराचा कान काढला.

आत श्वासाची शिट्टी वाजू लागली. "तू आहेस ना तिथं?"

"आहे," तो म्हणाला, आणि कडी ओढली. गंजकी कडी सरकेना. त्यानं रस्त्यावरचा दगड आणून ती ठोकली, बोटं सोलून निघाली. दार उघडलं तेव्हा दत्तोपंत पायरीवर कलंडले होते, ओठ निळे पडले होते. त्यांना पाठीवर घेऊन तो मिरवणुकीतून वाट काढत डॉक्टरांकडे धावला.

दत्तोपंत वाचले. मार्तंडच्या हाताची पट्टी पाहून कचेरीतल्या लोकांनी काय ते ठरवून टाकलं. दत्तोपंत ज्याला त्याला सांगत, "हा नसता तर मी तिथंच गेलो असतो." मार्तंड दरवेळी तोंड उघडायचा आणि पाणी मागायचा. तारा आता त्याच्याकडे अभिमानानं पाहायची. ते त्याला तिच्या हसण्यापेक्षा जड जाई.

उन्हाळ्यात दत्तोपंतांच्या पत्नी प्रेमिला घरी आल्या. मुलीचं, अरुंधतीचं, लग्न ठरलं होतं.

"मला भाऊ नाही," त्या म्हणाल्या. "पोरीच्या पाठीशी मामा म्हणून तुम्हीच उभे राहा."

"वहिनी, मी त्या लायकीचा नाही."

"असं नका बोलू भाऊ. तुमच्यामुळं माझं कुंकू राहिलं."

मार्तंडनं ताराकडे पाहिलं. ती आनंदानं हळदीकुंकवाची कुयरी आणायला उठली होती.

लग्नाच्या दिवशी अंतरपाटाजवळ तो अरुंधतीच्या मागे उभा राहिला. दत्तोपंतांनी स्वतः त्याच्या डोक्यावर टोपी सारखी केली. भटजी मंगलाष्टकं म्हणू लागले, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मार्तंडनं मूठ उघडली नाही. तांदूळ घामानं भिजले, तरी त्याला त्या पोरीच्या डोक्यावर हात नेववेना.