इंग्रजीतला मुकुंद

सुमतीने पाटीवरचं ‘गोज’ ओल्या फडक्याने पुसलं आणि तिथे ‘वेन्ट’ लिहिलं.

“बरोबर. आता पुढचं,” सासरे बंडोपंत म्हणाले. “मुकुंद वॉज अ गुड स्विमर.”

नवऱ्याचं नाव इंग्रजीतही तिच्या हातून उतरेना. नामाच्या जागी तिने ‘मॅन’ लिहिलं. निवृत्त मास्तर असूनही बंडोपंतांनी ती चूक काढली नाही.

उंबऱ्याशी तूर निवडणाऱ्या सत्यभामाबाईंनी मान वर केली.

“मुकुंदाचं काय म्हणायलेत गं?”

“चांगलं पोहतात, म्हणून.”

“पोहतोच की. अख्ख्या अफजलपुरात तसा कुणी न्हाई.”

रझाकारांच्या धामधुमीत मुकुंद भीमेपलीकडे जायला निघाला आणि नावेपर्यंत पोचण्याआधीच त्यांच्या हातून मारला गेला. बंडोपंतांनी काठावरच गुपचूप अग्नी दिला. घरी फक्त सुनेला सांगितलं. बायकोचं काळीज तोळामासा. तिला म्हणाले, पोरगा सोलापूरकडे लपलाय. त्यानंतरही सुमती रोज कुंकू लावत होती. सासूबाई रोज मुकुंदाचं पान मांडायच्या. त्या पानाशेजारी बसून सुमती जेवायची.

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण झाकणाऱ्याची बोटं दुखतात. बंडोपंतांना पोराबद्दल बोलल्यावाचून राहवेना, म्हणून बायकोला न कळणाऱ्या भाषेत ते बोलत. त्या घरात मुकुंद फक्त इंग्रजीत मेला होता. मराठीत त्याला जिवंत ठेवायचं काम सुमतीकडे आलं होतं.

पुढे फौज आली, रझाकार गेले, लपलेले घरोघर परतले. ‘माझा कुठंय?’ असं सत्यभामाबाईंनी एकदाही विचारलं नाही. सुमतीला त्याचीच जास्त भीती वाटायची.

मास्तरणीच्या नोकरीसाठी गुलबर्ग्याला परीक्षा होती. निघायच्या सकाळी सत्यभामाबाईंनी तिची ओटी भरली, करंडा उघडला आणि स्वतः कुंकू लावलं. बोट कपाळावर जरा जास्तच टेकून राहिलं. बंडोपंत बाहेर गाडीवानाशी बोलत होते.

“हे असू दे,” त्या हळूच म्हणाल्या. “मी असेपर्यंत कुणी पुसायचं न्हाई. पण पेपरात माझ्यासाठी खोटं लिहू नको बाई. ते शिकवायलेत तसंच लिही.”

सुमती त्यांच्या पाया पडायला वाकली.

“आणि मला ठाऊकाय, हे त्यांना कळू देऊ नको,” सत्यभामाबाईंनी दाराकडे पाहिलं. “त्यांना सोसायचं न्हाई.”