बेचाळिसावा इशारा

आमच्या कंपनीत 'घे' हा शब्द कुणी उगाच वापरत नाही. चहा देताना आम्ही 'हा धर' म्हणतो, बिस्किटांचा पुडा पुढे करताना 'उचल' म्हणतो. नवीन माणूस चुकून 'घे ना' म्हणाला, की त्या दिवशी सगळ्यांचे कप त्यानं विसळायचे. कारण प्रयोग चालू असताना मी माइकमध्ये आकडा सांगते, 'तयार' म्हणते आणि मग 'घे' म्हणते. त्या 'घे'वर कुठे दिवे विझतात, कुठे दार उघडतं, कुठे कुणी गायला लागतं. असे त्रेपन्न इशारे. सगळ्यांच्या कानात इअरफोनचं एकेक बोंडूक, आणि त्या बोंडकात मी.

आमचं नाटक एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीत होतं. चार मजले, रंगमंच नाही, पडदा नाही, खुर्च्या नाहीत. ऐंशी प्रेक्षक येतात, दारात आम्ही त्यांना पांढरे एप्रन देतो, म्हणजे नट कोण आणि पाहुणा कोण हे कळतं, आणि मग म्हणतो, जा, फिरा. कुणी बॉयलरच्या खोलीत जाऊन तिथल्या व्हायोलिनवाल्यासमोर बसतं, कुणी वर वाळवणीच्या माळ्यावर ओल्या चादरींमधून वाट काढत गाणाऱ्या बाईच्या मागे मागे हिंडतं. सात खोल्या, सात माणसं, सात गाणी. एकेक गाणं सुटं ऐकलं तर अर्धवट वाटतं, बोलता बोलता कुणी उठून गेल्यासारखं. शेवटी मात्र सगळे तळमजल्यावर इस्त्रीच्या दालनात जमतात, पियानो सुरू होतो, सातही जण आपापलं गाणं एकदम म्हणतात आणि ती एकात एक बसतात. तेव्हा कळतं, अरे, हे एकच गाणं होतं.

ऐंशी माणसांना चार मजल्यांवरून त्या दालनात आणणं हे सगळ्यात जिकिरीचं काम. तोच आमचा बेचाळिसावा इशारा. वरच्या मजल्यांवरचे दिवे विझतात, जिन्यातले तेवढे राहतात, आणि काळ्या कपड्यांतले आमचे आठ जण लोकांना हळूच कोपराला धरून खाली आणतात. दिवे विझले की पियानोवालीनं सुरुवात करायची, हे ठरलेलं. पियानो एकदा सुरू झाला की काहीही झालं तरी थांबायचं नाही, हेही ठरलेलं.

हे सगळं मी ज्या खोलीतून सांगते तिथे पूर्वी कपड्यांच्या पावत्या फाडायचे. एक टेबल, एक स्टूल, ज्याला सगळे खुर्ची म्हणतात, प्रत्येक खोलीतल्या कॅमेऱ्याचा एक असे सात छोटे पडदे, माझी वही आणि माइक. बाळंतपणासाठी मी दहा महिने घरी होते, तेव्हा या खुर्चीवर दाढी बसायचा. दाढी म्हणजे आमचा दिव्यांवरचा माणूस, नावाला जागून छातीपर्यंत दाढी असलेला. मी परत आल्यावर तो पुन्हा दिव्यांकडे गेला खरा, पण पंधरा दिवसांपुरताच.

"रविवारी दुपारचा प्रयोग झाला की ठरवू," आमच्या दिग्दर्शिका, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्या मला म्हणाल्या होत्या. "खुर्ची तुझी की दाढीची. राग मानू नकोस. पण मला डोकं पूर्ण इथे असलेलं माणूस लागतं."

मी मान डोलावली. माझं डोकं पूर्ण कुठे असतं हे मलाच नक्की सांगता आलं नसतं. पण ती खुर्ची मला हवी होती. सात महिने मी दुपट्यांच्या घड्या घालता घालता इशारे पुटपुटत होते. एकदा नवऱ्यानं विचारलं, "सव्वीस तयार म्हणजे काय?" तर मी म्हटलं, "काही नाही, भाजी झाली."

आता एक्केचाळीस आणि बेचाळीस या दोन इशाऱ्यांच्या मध्ये अकरा मिनिटं अशी आहेत की मला काही बोलायचं नसतं. खोल्याखोल्यांतले प्रसंग आपापले चालतात. मी फक्त आधीच "बेचाळीस, तयार" सांगून ठेवते, म्हणजे काळ्या कपड्यांतली माणसं आपापल्या मजल्यावर पोचतात. आमच्या प्रयोगाला मध्यंतर नाही, तेव्हा टिल्लीच्या दुधाची वेळ मी या अकरा मिनिटांत बसवली होती. टिल्ली माझी मुलगी, सात महिन्यांची. माझ्या सासूबाई तिला घेऊन मागच्या दारानं यायच्या.

त्या रविवारीही आल्या. मी "बेचाळीस, तयार" म्हटलं, माइकचं बटण सोडलं, हेडफोन गळ्यात उतरवला, कारण टिल्ली त्याची वायर चावते, आणि तिला पदराखाली घेतलं.

सासूबाई पडद्यांकडे बघत उभ्या राहिल्या. "आजही कुणाला बसायला दिलेलं नाही का?"

"तसंच असतं, आई."

"ते आजोबा बघ. केव्हाचे उभे आहेत एप्रन घालून. त्यांना वाटत असेल, भांडी घासायला बोलावलंय."

"आई, हळू."

"हळूच बोलतेय. आणि ती वरची गाणारी, चादरीतली. आवाज गोड आहे, पण दम नाही. जेवत नाही का ती नीट?"

टिल्लीचं लक्ष पडद्यांच्या उजेडाकडे. तोंड वळवायची, एक घोट प्यायची, पुन्हा वळवायची. सात मिनिटं उरली होती आणि ती उपाशी राहिली तर बेचाळीसच्या वेळी भोकाड पसरणार हे मला दिसत होतं. मी तिची हनुवटी बोटानं वळवली आणि सगळे लाड गोळा करून म्हटलं, "घे गं माझी बाय. घे."

सातही पडदे काळे झाले.

पहिल्या क्षणी मला वाटलं, वीज गेली. मग तळमजल्यावरून पियानो ऐकू आला. मी माइककडे पाहिलं. त्याचा लाल ठिपका पेटलेला होता.

पूर्वी ते बटण दाबून धरायचं असे. दाबलं की सुरू, सोडलं की बंद. आठ वर्षं माझं बोट तसंच वागत आलं. मी नसताना दाढीचा अंगठा दुखायला लागला म्हणून त्यानं दुसरं बटण बसवून घेतलं होतं, एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. पंधरा दिवस मी आठवणीनं दोनदा दाबत होते. आज हातात पोर होतं, आणि बोट जुन्या सवयीवर गेलं. सासूबाईंची भांडी, चादरीतली बाई, टिल्लीची मिनतवारी, सगळं चार मजल्यांवरच्या आमच्या माणसांनी कानात ऐकलं होतं.

मी हेडफोन कानाला लावला. दाढी ओरडत नव्हता, कुजबुजत होता, ते जास्त वाईट. "मी केव्हाचा सांगतोय माइक चालू आहे. तू ऐकत नव्हतीस. मग तू घे म्हणालीस. बोट दाबून मोकळं झालं गं, मी काय करू. परत लावू दिवे?"

सात मिनिटं आधी. काळ्या कपड्यांतली माणसं अजून जिन्यात. दोन गायक भलत्याच मजल्यावर. हळूहळू पडद्यांवर दिसायला लागलं, जिन्यातल्या मंद उजेडाच्या कडेकडेनं पांढरे एप्रन, जिथल्या तिथे थबकलेले. आजोबा भिंतीला हात लावून उभे. दिवे परत लावले असते तर सगळ्यांना कळलं असतं की चुकलं, आणि चुकलं हे कळल्यावर ऐंशी माणसं गाणं ऐकत नाहीत, एकमेकांकडे बघतात.

"नको लावू," मी म्हटलं. आणि मग माझ्या तोंडून जे आलं ते वहीत कुठेच नव्हतं. "वाळवणीवाली, तू आहेस तिथूनच तुझं गाणं म्हण. खालचं, शेवटचं. म्हणत म्हणत जिन्याकडे चाल. पियानो ऐकू येत नसेल तर ताल मी देते. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन."

चौथ्या मजल्यावर पियानो ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी खालच्या सुरांवर कान ठेवून मोजत राहिले. टिल्लीच्या पाठीवर माझा हात आपोआप पडत होता, मोजत होते त्याच लयीत, आणि खरं सांगायचं तर तोंडापेक्षा हात पक्का होता. वरून आवाज आला. अंधारात एकटा, चादरीमागून. सासूबाई म्हणाल्या होत्या तसा दम त्यात कमी होता, आणि तेच बरं झालं, कारण लोक ऐकायला जवळ सरकले. ती चालायला लागली तसे पांढरे एप्रन तिच्या मागे हलले. कुणी कुणाच्या कोपराला धरलं नव्हतं.

"टाके घालणारी, तू तिसऱ्यावर. ती जिन्यात आली की तुझं सुरू कर. आता नाही. थांब. आता."

दुसरा आवाज पहिल्याला येऊन मिळाला. मग दुसऱ्या मजल्यावरचे दोघं, मग पहिल्यावरची एक. प्रत्येकाला मी नावानं, म्हणजे खोलीच्या नावानं, एकेक करून बोलावत गेले. काळ्या कपड्यांतल्या माणसांना म्हटलं, फक्त पायऱ्यांवर बॅटरी धरा, बाकी काही करू नका, आणि त्या आजोबांचा हात धरा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टिल्लीनं दूध संपवून एक ढेकर दिला, खणखणीत, माझ्या 'दोन' आणि 'तीन'च्या मध्ये. सगळ्यांच्या कानात. वाळवणीवाली गाता गाता हसली, ते सुरात ऐकू आलं. पण ती घसरली नाही.

जिन्यात पाच आवाज होईपर्यंत काय होतंय हे मलाही नीट कळलं नव्हतं. नेहमी लोक दालनात येतात, उभे राहतात, आणि गाणं त्यांच्यासमोर जुळतं. आज ते लोकांच्या अंगावरून, खांद्यांवरून, पायऱ्यापायऱ्यांवर जुळत खाली येत होतं. तळमजल्यावर इस्त्रीवाल्यानं सहावा आवाज दिला तेव्हा एक बाई कठड्याला धरून मधेच थांबली आणि तिच्यामागची सगळी रांग न कुरकुरता थांबली.

सातवा आवाज बॉयलरचा, व्हायोलिनवाल्याचा. तो तळघरात होता आणि त्याचा प्रसंग अर्धाही झाला नव्हता. तो आला, पण त्याचा चेहरा पडद्यावर मला दिसत होता. हातातला घास काढून घेतल्यासारखा.

शेवटचे इशारे मी वहीबरहुकूम दिले. त्रेपन्नाव्यावर दारं उघडली. मी बटण पुन्हा दाबलं, ठिपका विझला. सासूबाईंनी टिल्लीला उचललं. "झालं का?" त्यांनी विचारलं. "आज लवकर सोडलं."

मी स्टुलावर बसून राहिले. ताई आल्या तेव्हा त्यांच्यामागे दाढी होता आणि त्याच्यामागे व्हायोलिनवाला.

"माझी सात मिनिटं कुणी खाल्ली?" व्हायोलिनवाला म्हणाला. "तळघरात अकरा जण बसले होते. गोष्ट अशी रंगात आलेली आणि कानात म्हणे, घे गं माझी बाय."

"माझी चूक," मी म्हटलं.

"बटण मी बदललं," दाढी म्हणाला.

"बदललेलं मला माहीत होतं. चूक माझीच."

ताईंनी दोघांकडे हात केला, गप्प बसा असा. त्या माझ्याकडे बघत होत्या. "तुझी खुर्ची आज गेली असती," त्या म्हणाल्या. "दिवे विझल्यावर तू दोन मिनिटं जरी गप्प बसली असतीस ना, तरी. मी दालनात उभी होते. मला वाटलं, संपलं. आणि मग ते जिन्यातून आलं." त्यांनी टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. "ते परत करता येईल का? मुद्दाम?"

मी वही उघडली. "येईल. पण वेळेवर, सात मिनिटं आधी नाही. यांचा प्रसंग पूर्ण झाला पाहिजे. आणि एका बेचाळीसच्या जागी सात इशारे लागतील, सातांचे सात ताल. वही पुन्हा लिहावी लागेल."

"मला जमायचं नाही ते," दाढी झटकन म्हणाला. "मी आकडे वाचतो. ही माणसं मोजते." मग माझ्याकडे वळून, "शिवाय माझ्या अंगठ्यानं फार सोसलंय."

"जुनं बटण परत बसव," ताई त्याला म्हणाल्या. मग मला, "वही तूच लिही. पुढचा सगळा हंगाम तूच सांगशील."

माझा जीव भांड्यात पडला, पण मला अजून एक बोलायचं होतं, आणि ते आत्ताच बोलले नाही तर कधीच बोलणार नाही हे मला माहीत होतं. "ताई, मधली अकरा मिनिटं मला लागणार. चोरून नको. कागदावर हवीत. त्या वेळात माइक दाढीकडे, आणि मी तिच्याकडे."

ताईंनी टिल्लीकडे पाहिलं. टिल्ली त्यांच्या चष्म्याकडे बघत होती, खायची वस्तू बघावी तशी.

"चालेल," ताई म्हणाल्या. "पण आजींनी प्रेक्षकांवर बोलायचं नाही."

"मी काय बोलले?" सासूबाई म्हणाल्या. "त्या चादरीतल्या मुलीला फक्त विचारलं, जेवतेस का." आणि टिल्लीला माझ्या मांडीवर ठेवून, पिशवीतून डबा काढून त्या वाळवणीवालीला शोधायला वर निघाल्या.

"मंगळवारी दोन वाजता जिन्याची तालीम," ताईंनी जाता जाता सांगितलं.

"दोनला ही झोपते."

"मग तीन."

"साडेतीनपर्यंत झोपते, ताई."

व्हायोलिनवाल्यानं कपाळाला हात लावला. ताई दारात थांबल्या, मनाशी काहीतरी हिशेब केला.

"चार," त्या म्हणाल्या. "कळव सगळ्यांना."

मी माइकचं बटण दाबलं. "मंगळवारी चार वाजता," मी म्हटलं, "सातही जण जिन्यात या."