आबांचा न दुखणारा पाय

भाविका जळगावच्या एका ऑफिसात अमेरिकेतल्या पायांच्या डॉक्टरांची बिलं तयार करायची. तिकडे डॉक्टरने पायाला काय केलं ते वाचायचं, त्याचा ठरलेला कोड टाकायचा आणि बिल विमा कंपनीकडे धाडायचं. रविवारी नवऱ्यासोबत, हितेंद्रसोबत, ती रावेरला सासरी आली की सासरे तोताराम आबा तिची फिरकी घ्यायचे.

“म्हंजे तठी नखं काढाले बी डॉक्टर लागतो?”

“हो आबा. आणि दहा बोटांना दहा वेगळे कोड.”

“मंग माह्या नखाचं बिल लाव बरं!”

“नापास होईल. नुसती नखं कापली तर विमा काही देत नाही. पाय खरंच बिघडलाय असं कागदात दिसावं लागतं.”

“तं मंग आपलं बिल नापासच!” आबा खूश व्हायचे. आठ वर्षांची साखर अंगात असून हा माणूस केळीच्या बागेत अनवाणी फिरायचा, आणि वर मिशीला पीळ द्यायचा.

त्या रविवारी ओट्यावर बैठक जमली होती. आबा सांगत होते, कित्येक महिने होणारी पायाची आग साफ थांबली. मागच्या आठवड्यात बाभळीचा काटा मोडला, दोन दिवस तसाच होता, पण दुखलं म्हणाल तर नाव नाही! सासूबाई धुरपदाबाईंनी सगळं श्रेय रोज रात्री आबांच्या तळपायाला घासायच्या आपल्या काशाच्या वाटीला देऊन टाकलं. चार डोकी कौतुकाने हलली.

चहा घेऊन आलेल्या भाविकाने मात्र ट्रे तसाच खाली ठेवला. ‘पायाला जाणीव नाही’ हे वाक्य तिने डॉक्टरांच्या कागदांत हजारदा वाचलं होतं. त्याच माणसांचे कागद सहा महिन्यांनी पुन्हा यायचे, तेव्हा बोट कापल्याचा कोड टाकावा लागायचा. आणि या पायांवर ती तीन वर्षं डोकं टेकवत आली होती, पण एकदाही नीट पाहिले नव्हते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

सुनेने सासऱ्याच्या पाया पडावं, पाय दाखवा म्हणू नये. तिने पदर खोचला आणि चारचौघांत आबांसमोर खाली बसली.

“अवं सूनबाई, हे काय? लोकं काय म्हनतीन!”

“माझ्या कामाची थट्टा करता ना? मग आज परीक्षा द्या. डोळे मिटा. मी ज्या बोटाला हात लावीन, त्याचं नाव सांगायचं.”

परीक्षा म्हटल्यावर आबा मागे हटणारे नव्हते. त्यांनी डोळे गच्च मिटले. भाविकाने उजवा अंगठा दाबला. मग करंगळी. डाव्या अंगठ्याखाली काट्याची जागा काळी पडून चिघळली होती. त्याच्या शेजारचं बोट तिने चिमटीत धरून चांगलं आवळलं.

ओट्यावरचं हसणं हळूहळू बंद झालं. धुरपदाबाईंनी पदर तोंडाशी नेला. हितेंद्र गाडीची किल्ली आणायला उठला.

आबा डोळे मिटून, मान ताठ करून, पहिल्या बाकावरच्या पोरासारखे बसले होते.

“लाव नं वं बाई हात,” ते म्हणाले. “कव्हाची वाट पाहू ऱ्हायलो मी.”